ब्रेक पॅड कधी बदलायचे? मेकॅनिकला मिलिमीटर विचारा

गाडी सर्व्हिसिंगला सोडली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो : "साहेब, पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, बदलून टाकू का?" संशयी मालक म्हणतो, "राहू दे, पुढच्या वेळी बघू." घाबरट मालक लगेच हो म्हणून मोकळा होतो. पॅड किती उरलाय, हे दोघंही विचारत नाहीत.

पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर बसवलेला घर्षण-पदार्थाचा थर. ब्रेक दाबला की कॅलिपर फिरत्या डिस्कला दोन पॅडांच्या चिमटीत धरतो आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. यात झिजतो तो हा थर. नव्या पॅडवर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर उरला की पॅड बदलून घ्यावेत. २ च्या खाली गाडी चालवणं धोक्याचं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. बाकीचे ठोकताळे या मोजमापापुढे दुय्यम आहेत.

गैरसमज : अमुक इतके किलोमीटर झाले की पॅड बदलायचेच.

वस्तुस्थिती : पॅडला किलोमीटर कळत नाहीत, उष्णता कळते. शहरातल्या धक्क्याधक्क्याच्या वाहतुकीत २५-३० हजार किलोमीटरला संपणारे पॅड हायवेवरच्या गाडीत ६० हजारही टिकू शकतात. वेग दुप्पट झाला की थांबवताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, त्यामुळे उशिरा आणि कचकचून ब्रेक मारणाऱ्याचे पॅड लवकर जातात.

घाटाचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी ५०० मीटरहून जास्त खाली येते. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी ५०० मीटर उतरली, तर तिची जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, तेवढ्यात ती ताशी १०० किलोमीटरवरून बारा वेळा पूर्ण थांबली असती. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरणारा 'पेट्रोल वाचवतो' आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो. पॅड अति तापले की त्यांची पकड कमी होते. पाय दाबलेला असूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

गैरसमज : आवाज आला की पॅड संपले, आवाज नाही म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्य. बऱ्याच पॅडना एक छोटी धातूची जीभ असते. थर ठरावीक जाडीपर्यंत झिजला की ती डिस्कला घासते आणि चिरका, बारीक सूर येतो. हा इशारा मानावा. पण ही जीभ प्रत्येक पॅडला नसते. बाजारातल्या स्वस्त पॅडना अनेकदा नसतेच. अशा गाडीत पहिला आवाज येतो तो थेट खरखरीचा, म्हणजे पोलादी पट्टी डिस्कला घासू लागल्यावर. तोवर डिस्कवर चरे पडलेले असतात आणि खर्च वाढलेला असतो.

उलट, पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला तो खरडला जाताना आवाज येतो आणि मग थांबतो. कोकणातल्या घरांना हे रोजचंच आहे. त्यासाठी पॅड बदलायची गरज नाही. पॅडमध्ये खडा अडकला तरी चिरकतं.

गैरसमज : पॅड संपले की डॅशबोर्डवर लाल दिवा लागेलच.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत तो दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचं किंवा ब्रेक ऑईलची पातळी खाली गेल्याचं सांगतो. पॅडची झीज मोजणारा सेन्सर प्रामुख्याने महागड्या गाड्यांत असतो. दिव्याच्या भरवशावर राहू नये.

गैरसमज : अलॉयच्या फटीतून बॅटरी मारली, पॅड जाड दिसला, म्हणजे चिंता नाही.

वस्तुस्थिती : इथे दोन फसवणुकी होतात. पहिली म्हणजे आपण पोलादी पट्टीही थरात मोजतो. ती पाचेक मिलिमीटरची असते; त्यामुळे जवळजवळ संपलेला पॅडही 'अर्धा आहे की' असं वाटतं. मोजायचा तो फक्त पट्टी आणि डिस्क यांच्या मधला थर. दुसरी म्हणजे बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. आत, इंजिनाच्या बाजूला, दुसरा असतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखल-गंजाने अडकल्या की आतला पॅड आधी झिजतो. म्हणून चाक काढूनच तपासणी व्हायला हवी. मागच्या चाकांना ड्रम असेल, तर तिथे पॅड नसून लायनर असतात आणि ड्रम उघडल्याशिवाय ते नीट दिसत नाहीत.

गैरसमज : ब्रेक ऑईल कमी झालं? टॉप-अप करा, काम झालं.

वस्तुस्थिती : पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन थोडा पुढे येऊन राहतो आणि त्याच्यामागे ऑईल भरतं. म्हणून डब्यातली पातळी हळूहळू उतरणं हा पॅड झिजल्याचा पुरावाही असू शकतो. न तपासता वरून ऑईल ओतलं, तर तो पुरावा झाकला जातो. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जादा ऑईल बाहेर सांडतं आणि ते गाडीचा रंग खातं. पातळी झपाट्याने उतरली, तर मात्र गळती समजून गाडी तिथेच थांबवावी.

हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येऊ शकते. घाटात ऑईल उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. तेव्हा नवे पॅडही उपयोगाचे नसतात. साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलणं म्हणूनच महत्त्वाचं.

गैरसमज : ब्रेकची कुठलीही तक्रार म्हणजे पॅडचीच.

वस्तुस्थिती : पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर बहुधा पाइपांत हवा आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कॅलिपर अडकल्याची शंका घ्यावी. साध्या ब्रेकला पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी असमान झालेली असू शकते. मात्र जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली टकटक जाणवली, तर ते एबीएसचं काम आहे. पाय उचलू नका.

गैरसमज : एकाच चाकाचे पॅड बदलले तरी चालतं, आणि पॅडबरोबर डिस्कही बदलावीच लागते.

वस्तुस्थिती : पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर गाडी ब्रेकला ओढते. डिस्क मात्र मोजून ठरवावी. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून जाड असेल, खोल चरे किंवा तडे नसतील, तर ती ठेवता येते. पॅड बदलल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर मध्यम वेगातून हलकेच ब्रेक लावत चालवा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही, त्यामुळे नवे पॅड टाकून लगेच घाट उतरायला निघू नये.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघण्यापूर्वी गॅरेजला एवढंच सांगा : चाकं काढा आणि पुढच्या चारही पॅडांची जाडी मिलिमीटरमध्ये जॉब कार्डावर लिहा. आकडा ६ असेल तर निश्चिंत जा. ४ असेल तर परत आल्यावर पुन्हा तपासा. ३ किंवा कमी असेल तर पॅड बदला, ते डिस्कला बसू द्या आणि मगच निघा. आणि काढलेले जुने पॅड परत मागून घ्या. गॅरेजवाला खरं बोलला की नाही, ते त्यावरून कळेल.