चंद्रपूरची स्वस्त वीज

कोळशावरच्या वीजकेंद्राचे नशीब बरेचसे खाण किती लांब आहे यावर ठरते. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या शेजारीच वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या खाणी आहेत. महानिर्मितीच्या या केंद्राचा पहिला संच १९८० च्या दशकात सुरू झाला. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. २१० चे दोन आणि ५०० चे पाच असे सात उरले : एकूण २,९२० मेगावॅट.

सगळे संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सात कोटी युनिट वीज होते. युनिटमागे सुमारे पाऊण किलो कोळसा धरला, तर रोज पन्नास हजार टनांच्या आसपास जळतो, म्हणजे मालगाडीचे डझनभर रेक. हा कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात. वाफ पाचशे अंशांच्या वर तापते आणि टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. हा आकडा चुकून चालत नाही, कारण देशभरच्या ग्रिडची ५० हर्ट्झ वारंवारता याच फेऱ्यांशी बांधलेली आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचे ग्रिडही त्यात जोडले गेले, तेव्हापासून चंद्रपूरचे टर्बाइन काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंतच्या यंत्रांबरोबर एकाच तालात फिरते.

वीज जाते कुठे? पश्चिमेकडे. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची (एचव्हीडीसी) वाहिनी १९९९ पासून आहे, १,५०० मेगावॅट क्षमतेची. विदर्भात कोळसा जाळायचा आणि मुंबईच्या बाजूला दिवे लावायचे, हा राज्याचा जुना रिवाज या एका वाहिनीत स्पष्ट दिसतो.

पाणी इरई धरणाचे. ते आटले की प्रश्न उभा राहतो. २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले होते.

अलीकडे केंद्राचे काम बदलले आहे. कोयनेच्या जलविद्युत केंद्राची चक्रे काही मिनिटांत पूर्ण भार घेतात. थंड पडलेला बॉयलर मात्र तापवायलाच कित्येक तास लागतात, म्हणून औष्णिक संच अखंड चालवायचे, हे ठरलेले होते. आता दुपारी सौरवीज भरपूर असते, तेव्हा या संचांनी भार कमी करायचा आणि सूर्य मावळताच पुन्हा चढवायचा. २०२३ च्या नियमांनुसार त्यांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. सततच्या या चढउताराने बॉयलरच्या नळ्या लवकर थकतात. तरीही संध्याकाळच्या मागणीला कोळशाशिवाय आज तरी आधार नाही. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशातूनच येते.

कोणते केंद्र आधी चालवायचे हे ‘मेरिट ऑर्डर’ ठरवते : ज्याचा इंधनखर्च कमी, ते आधी. खाण जवळ असल्याने वाहतुकीचा खर्च कमी येतो आणि चंद्रपूर या यादीत पुढे सरकते. पण भारतीय कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते आणि तिचा, धुराचा, इरईच्या पाण्याचा खर्च या यादीत कुठेच धरलेला नाही. २००९ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना नोकरीसाठी २०२१ मध्ये केंद्राच्या चिमणीवर चढावे लागले.

हे केंद्र इतक्यात बंद होणार नाही आणि व्हावे असेही मी म्हणत नाही. पण वीज नियामक आयोगाने दर ठरवताना राखेचा आणि आजारांचा हिशेबही मांडावा. तो मांडला जाईपर्यंत चंद्रपूरच्या विजेला स्वस्त म्हणणे चुकीचे आहे.