न पेटलेले पाइप

सावरगाव हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी वर्षातून एकदाच, पोळ्याच्या सुमारास वाचलेलं असतं. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला आमचं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि त्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. हीच ती गोटमार. माणसं जखमी होतात, तेवढी बातमी छापून येते आणि पुढे वर्षभर गावाचं नाव कुणी घेत नाही. पण उरलेल्या दिवसांत इथेही माणसं शेती करतात, संत्र्याच्या बागा राखतात, मुलींची लग्नं करतात. २०२३ साली पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके त्यात आले. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा आमचा संसार. तुमच्याकडे मराठी-कानडीचं जे आहे तेच हे, हिंदीशी.

माझी धाकटी मुलगी निपाणीला दिली आहे. तिच्यामुळे हे साप्ताहिक आमच्या घरात आलं आणि तिच्याच आग्रहाने आज माझ्या छंदाविषयी लिहितो आहे.

मी पाइप करतो. नळाचे नव्हेत, तंबाखू ओढायचे. मी स्वतः विडी-सिगरेटला कधी शिवलेलो नाही. आजवर एकोणीस पाइप केले आणि त्यातला एकही कधी पेटलेला नाही. तुम्ही म्हणाल, मग हा खटाटोप कशासाठी? आमच्या घरचीही तीच तक्रार आहे. "नातवंडं येतात घरात, हे कायले मांडून ठेवता?" असं सौभाग्यवती दर दिवाळीच्या साफसफाईला विचारतात.

दोन भोकांची भेट

मी व्यवसायाने टर्नर. बत्तीस वर्षं लेथवर काढली. १९८७ साली कारखान्यातल्या एका साहेबांच्या पाइपची तोंडात धरायची नळी तुटली. "हिच्यासारखी दुसरी करून देशील का?" म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. वीजकामात वापरतात त्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या दांडक्यातून मी नळी उतरवली. पण माप घेण्यासाठी पाइप उघडून पाहिला आणि त्यातच अडकलो.

बाहेरून पाहणाऱ्याला पाइप म्हणजे नुसता एक बाक दिसतो. आतलं काम वेगळंच आहे. वाटीचं भोक वरून खाली येतं. साधारण १९ मिलिमीटर रुंद, ३५ ते ४० मिलिमीटर खोल. दांडीतून धुराची वाट आडवी किंवा तिरकी येते, ती जेमतेम ४ मिलिमीटरची. ही बारीक वाट वाटीच्या अगदी तळाला, बरोबर मध्यावर उघडली पाहिजे. ती एक सूत वर लागली तर तळाची तंबाखू जळत नाही, तिथे ओल साचते आणि गुडगुड सुरू होते. खाली लागली तर तळ पातळ होऊन लाकूडच जळतं. गंमत अशी की ही दोन्ही भोकं दोन वेगळ्या बाजूंनी, एकमेकांना न दिसता पाडायची असतात. लाकडाच्या पोटात त्यांची भेट होते की चुकामूक, ते गिरमिट बाहेर काढल्यावरच कळतं.

लेथवर आम्ही लोखंड याहून बारीक मापात कापतो. पण लोखंड सगळीकडे सारखं असतं, लाकूड तसं नसतं. एका बाजूला रेषा घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल, मध्येच गाठ. गिरमिट सैल बाजूला सरकू पाहतं. माप बरोबर घेऊनही लाकूड आपलं मत मांडतंच. त्यामुळे पाइप हे माप आणि समजूत या दोन्हींचं काम आहे.

विजापूरचा पाइप

या छंदामुळे वाचन वाढलं आणि एक गोष्ट सापडली. ती आपल्या या भागातल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबर बादशहाने असद बेग नावाचा आपला माणूस विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली. पोर्तुगीजांबरोबर ती या किनाऱ्यावर आलेली होती, पण अकबराच्या दरबाराला नवी होती. असद बेगने ती बरोबर घेतली आणि बादशहासाठी एक पाइप तयार करवला. त्याने स्वतः त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सुमात्रा बेटावरच्या आचे इथली तीन हात लांब, छान वाळवलेली नळी, दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम, आणि तोंडाला लावायला येमेनचा अकीक.

अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने मात्र हरकत घेतली. या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, गुण माहीत नसलेली गोष्ट बादशहाला कशी देऊ, असं त्याचं म्हणणं. बादशहाने पाइप बाजूला ठेवला, दरबाऱ्यांनी मात्र उचलला. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूला बंदी घातली, ती कुणी फारशी पाळली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या एका बैठकीत दोघंही बरोबर होते, असं मला वाटतं. वस्तू सुंदर होती आणि हकीमही खरा होता.

संत्र्याचं लाकूड

जगात चांगला पाइप ब्रायरचा समजतात. भूमध्य समुद्राकाठी वाढणारं हे झुडूप. त्याच्या बुंध्याशी, मुळाच्या वर एक गड्डा तयार होतो. तो तासन्तास उकळतात आणि महिनोन्महिने वाळवतात. त्याचं लाकूड सहजी जळत नाही. फ्रान्समधलं सेंट क्लोड हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामावर नावाला चढलं. तुर्कस्तानात एस्कीशहिर इथे मीरशम नावाच्या मऊ, पांढऱ्या खनिजातून पाइप कोरतात. दक्षिण आफ्रिकेत वाकड्या भोपळ्याचे करतात. भोपळा म्हटल्यावर मला मिरजेची आठवण झाली. तिथे भोपळ्यातून तंबोरा होतो. एकाच वेलीच्या फळातून कुणी सूर काढला, कुणी धूर.

आमच्याकडे ब्रायर कुठला? पण चेरी, ऑलिव्ह अशा फळझाडांच्या लाकडाचेही पाइप करतात, असं वाचलं आणि मी परसाकडे पाहिलं. बाग म्हातारी झाली की संत्र्याची झाडं काढतात आणि लाकूड चुलीत जातं. ते पिवळसर, घट्ट, बारीक रेषांचं असतं. कापल्या कापल्या घेतलं तर तडकतं, कारण ओल टोकांकडून लवकर जाते आणि पोटातून सावकाश. म्हणून ठोकळे करून दोन्ही टोकांना मेण लावायचं आणि भुशात, सावलीत दोन वर्षं विसरून जायचं. निवृत्त माणसाला हे जमतं.

त्यानंतर करवतीने बाहेरचा आकार, मग मरफा, मग कानस, मग फुटक्या काचेने तासणं आणि शेवटी काचपेपर. काचपेपर २२० नंबरपासून सुरू करून हजारापर्यंत न्यायचा. प्रत्येक नंबरानंतर ओलं फडकं फिरवायचं. ओल लागली की लाकडाची लव उभी राहते, ती पुन्हा घासायची. घाई करणाऱ्याला ही लव दिसत नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात हाताला लागते.

परीक्षा कशी घ्यायची?

पाइप नीट झाला की नाही हे न पेटवता ओळखायच्या तीन रीती मी बसवल्या आहेत. पहिली, सायकलच्या ब्रेकची तार तोंडाच्या बाजूने सारायची. ती कुठेही न अडता वाटीच्या तळाशी आली पाहिजे. दुसरी, रिकाम्या पाइपातून श्वास ओढायचा. शिट्टीसारखा आवाज आला तर आत कुठेतरी कड राहिली आहे. तिसरी माझी आवडती. वाटीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची आणि नळीच्या टोकाला मोठी सिरिंज लावून हळूच ओढायची. धुराची रेघ न तुटता वाटीच्या मध्यातून खाली उतरली की समजावं, दोन भोकांची भेट झाली. एकोणीसपैकी तिन्ही परीक्षांत पूर्ण उतरलेले पाइप तीनच आहेत.

आमचे व्याही निपाणीचे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तंबाखूच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं. नुसत्या वासावरून पान कोणत्या शिवारातलं ते सांगतात. पहिल्यांदा सावरगावला आले तेव्हा फळीवरचा सतरावा पाइप त्यांनी उचलला, उजेडाकडे धरून फिरवला आणि म्हणाले, "भाळ छलो ऐति." मग थोडं थांबून, "पण पाव्हणं, ह्यात तंबाखू भरल्याबिगर कळायचं कसं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. तार, श्वास आणि उदबत्ती यांतून वाट कळते, आग कळत नाही. वाटीत निखारा कसा चालतो, तळ कोरडा राहतो का, लाकूड किती तापतं, हे ओढल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी त्यांची साठी होती. त्यांनी मोकळेपणाने तोच पाइप मागितला.

मुलीच्या सासऱ्यांना नाही म्हणणं सोपं नसतं, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मीच फोन केला आणि कारण सांगितलं. माझे वडील विड्या ओढायचे, दिवसाला दोन बंडलं. १९७९ साली घशाच्या कॅन्सरने गेले. शेवटचे दोन महिने त्यांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. आई कापसाच्या बोळ्याने त्यांचे ओठ ओले करायची. "अण्णा, मी केलेल्या वस्तूतून तुमच्या पोटात धूर जावा असं मला वाटत नाही. दुसरं काहीही मागा," एवढंच बोललो. पलीकडून "बरं" आलं आणि फोन ठेवला गेला. नंतर दोन महिने मुलीचा आवाज जरा जपून यायचा.

मी बनवतो ते काय?

त्या दोन महिन्यांत बराच विचार केला. वस्तू वाईट कामाची असेल तर तिच्यात कसब ओतणं बरोबर आहे का? तेव्हा डॉ. अनिल अवचट आठवले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांचे हाल त्यांनी मराठी वाचकांपुढे मांडले. पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. हेच अवचट लाकडात शिल्पं कोरायचे, कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे. २०२२ साली ते गेले. हाताला काम आणि मनाला नाद असला की माणूस सावरतो, हे त्यांनी जगून दाखवलं. मला पाइपने तोच नाद दिला. चार मिलिमीटरच्या भोकाने निवृत्तीनंतरची माझी रिकामी दुपार भरून काढली.

पूर्णत्वाबद्दल मला इतकंच कळलं आहे. कुणाला दिसणार नाही अशा जागी काम नीट झालं आहे हे आपल्याला माहीत असणं, तेवढं आपल्या हातात असतं. पाइपच्या बाबतीत शेवटची परीक्षा मी घेणार नाही. त्यामुळे माझा कुठलाही पाइप पूर्ण आहे असं मी कधीच म्हणू शकणार नाही. वडिलांकडे पाहिलं की ही उणीव मला चालते.

दोन महिन्यांनी जावई आले तेव्हा त्यांच्या पिशवीत जुन्या सागाचा एक ठोकळा होता. अण्णांच्या पडक्या वखारीच्या तुळईतला. बरोबर निरोप, "पाव्हण्यास्नी सांगा, ह्याचं काय बी करा, पाइप तेवढा नको."

त्याचा नंदी केला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार फिरवतात. तुमच्याकडे बेंदूर आहे, मण्णेत्तिन अमावास्या आहे, तिथे बैल मातीचा. निपाणीच्या नातीला दोन्ही सण कळतात. पाइप पाहून "अज्जा, इदु याके?" म्हणणाऱ्या त्या पोरीने बैलाबद्दल असलं काही विचारलं नाही. दोरी बांधली आणि ओढत निघाली.

बैलाचं कामही तेच आहे. चारही पाय काचेवर एकसारखे टेकले पाहिजेत. चाकाचं भोक मध्यावर हवं, नाहीतर बैल लंगडतो. फरक एवढाच की याची परीक्षा पूर्ण घेता येते, आणि ती घेणारी पाच वर्षांची आहे. पायरीवरून, खडीवरून, शेणातून, सगळीकडून तिने तो नेला. संध्याकाळी बैल परत आला तेव्हा एक शिंग गेलं होतं, पण चाकं सरळ चालत होती. अण्णांनी आता दुसरा ठोकळा पाठवला आहे. जोडी पाहिजे म्हणतात.