कॅज्युअल्टीतील गर्दी कोठे तुंबते?

इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत गर्दी का होते असे विचारले, तर बहुतेक लोक म्हणतात, 'रोगी फार येतात म्हणून.' आम्हाला हे उत्तर अर्धेच वाटते. कारखान्यात हात काळे केलेल्यांना ठाऊक आहे की, माल जेथे साचलेला दिसतो तेथेच दोष असतो असे नाही. पुढचे यंत्र रखडले की मागच्या माणसाच्या पायाशी ढीग होतो, आणि मुकादम ओरडतो तो मात्र मागच्यावरच!

हिशेब सोपा आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली त्याची सिद्धता दिली. समजा, तासाला ८ रोगी येतात व प्रत्येक जण सरासरी ३ तास तेथे राहतो. म्हणजे आत सरासरी २४ रोगी असणार. आता वर वॉर्डात खाट मिळेना, म्हणून हा मुक्काम ५ तासांवर गेला, की आकडा ४० होतो. दारातून एकही माणूस जास्त आला नाही. तरी १६ जणांची भर पडली, आणि ते व्हरांड्यात स्ट्रेचरवर!

वॉर्डातली प्रत्येक खाट सदैव भरलेली असावी, म्हणजे पैशाचे चीज झाले, असे व्यवस्थापक मंडळींना वाटते. गफलत आहे ती येथे. रोगी वेळापत्रक पाहून येत नाहीत. अशा अवचित मागणीचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. एका खिडकीची साधी रांग घ्या. कारकून शंभरातील ८० मिनिटे कामात असेल, तर ताटकळण्याचा सरासरी काळ एका कामाच्या चौपट होतो. ९० मिनिटे असेल तर नऊपट, आणि ९५ असेल तर एकोणीसपट! अनेक खाटांच्या वॉर्डात आकडे इतके तीव्र नसतात, पण वळण तेच.

इमारतीच्या मांडणीनेही पुष्कळ साधते. दाराशीच जाणती सिस्टर बसवून आधी कोणाला पाहायचे ते ठरवावे. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे रणांगणावर हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावी, त्यातलेच हे. बोट कापलेल्याची वाट वेगळी असावी, क्ष-किरणाची खोली लगत असावी. पण मागचे दार बंद ठेवून पुढचे रुंद करण्यात काय हशील?

इंग्लंडने २००४ साली शंभरातील ९८ रोग्यांची व्यवस्था चार तासांत लागावी असे बंधन घातले. २०१० मध्ये ते ९५ वर आणले. चौथा तास भरत आला की रोगी वर पाठविण्याची एकच धावपळ उडे, असे तेथील नोंदींत दिसून आले. घड्याळ कॅज्युअल्टीच्या गळ्यात, आणि खाटांची किल्ली दुसऱ्याच्या हाती!

आपल्याकडे खोळंबलेल्या नातेवाइकांचा राग निघतो तो समोरच्या सिस्टरवर नि वॉर्डबॉयवर. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला, आणि तो हवाच होता. पण वरची खाट का अडली आहे, हे हात उगारणाऱ्याला कोणी सांगत नाही, नि मार खाणाऱ्यालाही नाही.

ती पुष्कळदा कागदापायी अडते. सकाळच्या राऊंडमध्ये 'घरी जा' म्हटलेला रोगी औषधे, बिल आणि शेवटची सही यांसाठी दुपारपर्यंत खाटेवरच बसून राहतो. त्याच्यासाठी खुर्च्यांची एक खोली केली, तरी ती खाट कित्येक तास आधी मोकळी होईल. मात्र खाट पुसणारा आणि खालचा रोगी वर नेणारा माणूस त्या वेळी पाळीवर असला पाहिजे.