मंडपात वाजणाऱ्या गिटारचा पिकअप
बारामती-इंदापूर भागात गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी इलेक्ट्रिक गिटार घेणार असाल, तर रंगाआधी तारांखालचे पिकअप बघा. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायरकडे जाते. बँजो पार्टीतल्या बँजोवरही असाच पिकअप बसवतात.

एकाच वेटोळ्याचा सिंगल कॉइल स्वच्छ, खणखणीत वाजतो. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन होते. पण तो आसपासच्या विजेची घरघरही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यात मंडपात डिमर, लायटिंगच्या माळा, जनरेटर सगळं शेजारीच. गाणं थांबलं की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी जोडली. एकाची चुंबकीय दिशा उलटी, वेढेही उलटे. त्यामुळे तारांचा आवाज एकवटतो आणि घरघर आपसांत कटते. हाच हंबकर. आवाज भरदार, जरा गोलसर.

पहिलीच गिटार असेल तर मी एचएसएस सुचवेन: ब्रिजजवळ हंबकर, बाकी दोन सिंगल. दुकानात ॲम्पचा गेन वाढवा, हात तारांवरून काढा आणि स्विचच्या प्रत्येक जागेवर कान द्या. मंडपात मात्र आधी अर्थिंग तपासून घ्या. हंबकर घरघर घालवतो, शॉकपासून वाचवत नाही.