टल्साची विटांची इमारत आणि विम्यातले एक कलम

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा हे शहर आहे. तेथील ग्रीनवुड आणि आर्चर या रस्त्यांच्या नाक्यावर विल्यम्स बिल्डिंग ही विटांची जुनी व्यापारी इमारत उभी आहे. बांधकाम १९२२ सालचे. दिसायला साधीच, पण तिचा इतिहास प्रत्येक दुकानदाराने माहीत करून घ्यावा असा आहे.

ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती. गोऱ्यांच्या पेठेत त्यांना मानाने खरेदी करता येत नसे. त्यामुळे त्यांचा पैसा त्यांच्याच बाजारात फिरे. जॉन विल्यम्स हे मोटार दुरुस्तीचे कारागीर. त्यांनी व पत्नी लूला यांनी येथे तीन मजली इमारत बांधली. खाली मिठाई व सरबताचे दुकान, मधल्या मजल्यावर राहते घर आणि वरच्या खोल्या डॉक्टर-वकिलांना भाड्याने. १९१४ मध्ये त्यांनी याच रस्त्यावर ड्रीमलँड चित्रपटगृहही काढले.

३१ मे १९२१ रोजी एका कृष्णवर्णीय तरुणावरील आरोपाचे निमित्त झाले. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने १ जूनपर्यंत ही वस्ती जाळून टाकली. रेडक्रॉसच्या नोंदीप्रमाणे १,२५६ घरे जळाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. विल्यम्स कुटुंबाची इमारत आणि चित्रपटगृह दोन्ही गेली.

अनेकांनी विमा उतरवला होता, हप्तेही भरले होते. परंतु दंगलीत झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही, असे कलम पॉलिसीत होते. कंपन्यांनी त्यावर बोट ठेवून हात झटकले. रेडफर्न नावाचे एक गोरे मालमत्ताधारक न्यायालयात गेले. १९२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तेही हरले. नगरपालिकेकडे सुमारे १८ लाख डॉलरचे दावे दाखल झाले. मिळाले ते एका गोऱ्या दुकानदाराला, त्याच्या दुकानातून नेलेल्या बंदुकांबद्दल.

एवढ्यावर भागले नाही. आठवडाभरातच नगरपालिकेने नियम केला की, येथील नवे बांधकाम वीट, काँक्रीट किंवा पोलादाचे आणि किमान दोन मजली हवे. नाव आगीपासून सुरक्षिततेचे, हेतू मात्र गरिबाला जागा सोडायला लावण्याचा. बी. सी. फ्रँकलिन या वकिलाचे कार्यालयही जळाले होते. त्यांनी तंबूत टेबल मांडून सहकाऱ्यांसह खटला लढवला आणि नियम रद्द करून घेतला. लोकांनी जमिनी विकल्या नाहीत. हिवाळा तंबूत काढला, पण जागा सोडली नाही. १९२२ पर्यंत विटांच्या नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. १९२५ मध्ये कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन याच शहरात भरले.

पुढे १९६० नंतर महामार्ग आणि नगरविकासाच्या योजनांनी बाजारपेठेचा मोठा भाग गिळला. आज एका रांगेतील मोजक्याच इमारती शिल्लक आहेत. पदपथावर जळालेल्या दुकानांच्या नावांचे धातूचे फलक बसवले आहेत. दुकान पुन्हा उघडले की नाही, हेही त्यावर कोरलेले आहे. हयात पीडितांचा भरपाईचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला.

विम्याविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. तो विषय येथे नाही. पण ज्यांनी विमा उतरवला आहे, त्यांनी पॉलिसी पेटीत ठेवून देण्यापूर्वी वाचावी. दंगल, संप व हेतुपुरस्सर केलेले नुकसान त्यात धरले आहे काय? मालाची रक्कम आजच्या भावाने लावली आहे काय? ती कमी असेल तर भरपाईही त्या प्रमाणात कापली जाते. मालाची वही, बिले आणि जागेच्या कागदांची एक प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफने दिलेलीच आहे. मग आयुष्याची कमाई ज्या कागदावर अवलंबून आहे, तो न वाचता सही करणे हा शहाणपणा नव्हे.