गोळीचे गणित व त्याचा पडताळा

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा सुट्टीवर थाटीपूरला आला होता. तो सुरक्षा दलात आहे. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून आम्ही बाजा टाकून बसलो, तेव्हा बोलता बोलता त्याने आपली अडचण सांगितली. मोबाइलवरील ॲपमध्ये रायफलीची माहिती भरली की कोणत्या पल्ल्यावर गोळी किती खाली येईल याचे कोष्टक मिळते. एका जुन्या चांदमारीवर, तीनशेच्या खुणेवरून, त्याच्या गोळ्या या कोष्टकापेक्षा चार बोटे वर लागल्या. त्याने ॲपमधील गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटरवरून ८५० केला. गणित जुळले! पण पुढील महिन्यात दुसऱ्या चांदमारीवर ६०० मीटरवरून नेम धरला, तर गोळ्या जवळजवळ हातभर खाली गेल्या. "मामा, तुम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवलेत. आता तुम्हीच सांगा, या गणितावर विश्वास ठेवावा की नाही?"

हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. महादजी शिंद्यांच्या कंपूच्या आठवणी सांगणाऱ्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांना बंदूक नवी नाही. जवळच मुरारची छावणी आहे. झाशीच्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तिकडे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. तेव्हा आपल्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून त्या संध्याकाळचे बोलणे येथे विस्ताराने देत आहे.

गोळी सरळ रेषेत जाते, ही आपली समजूत चुकीची आहे. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. ऑलिंपिकच्या ५० मीटर स्पर्धेतील लहान गोळीसुद्धा निशाणापर्यंत पोहोचताना सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते, आणि तेथील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते! पण तेथे अंतर ठरलेले असल्यामुळे नेमयंत्र एकदा जुळवले की भागते. अंतर बदलते तेथेच खरे गणित सुरू होते.

सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटलेली गोळी निर्वात जागेत ६०० मीटर अंतर पाऊण सेकंदात कापील आणि पावणेतीन मीटर खाली येईल. परंतु हवा तिला अडवते. सैनिकी ७.६२ मिलिमीटर रायफलीची जड, टोकदार गोळी या अंतराला सुमारे एक सेकंद घेते आणि चार मीटरच्या आसपास खाली येते. हा हवेचा अडथळा प्रथम नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. लोंबकळत्या ठोकळ्यावर गोळी झाडून, ठोकळा किती झुलतो यावरून वेग काढण्याची रीत त्याने १७४२ साली प्रसिद्ध केली. पुढे तो कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेला एनिॲक हा संगणकही मुळात तोफांची कोष्टके करण्यासाठीच बांधला होता. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो.

मग चूक कोठे होते? मोबाइल बेरीज-वजाबाकीत चुकत नाही. आपण त्याला दिलेले आकडे चुकतात. ६०० मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर खाली लागली असे समजा. नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला दहा मीटरने कमी असेल, तरी साधारण एवढाच फरक पडेल. दुर्बिणीचे क्लिक सांगितल्यापेक्षा तीन टक्के कमी सरकत असतील, तरी एवढाच. निशाण दहा-बारा मीटर अधिक दूर असेल, तरी एवढाच! चोर तीन आणि पाऊलखूण एकच. ती पाहून पहिल्या दिसेल त्याला पकडणे बरे नव्हे.

आपल्यापैकी ज्यांनी संस्थेचे हिशेब पाहिले आहेत त्यांना हे चटकन समजेल. रोजमेळात शंभर रुपये कमी पडले की 'किरकोळ खर्च' लिहून बेरीज जुळवता येते. पण मग ते शंभर रुपये कधीच सापडत नाहीत. भाच्याने वेगाच्या खात्यावर असाच किरकोळ खर्च टाकला होता.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम अंतर स्वतः मोजावे. नंतर वारा नसताना शंभर मीटरवर रायफल झीरो करावी. एका गोळीवर भरवसा न ठेवता पाच-दहा गोळ्यांच्या घोळक्याचा मध्य धरावा. मग दुर्बिणीची परीक्षा: शंभर मीटरवर उंच कागद लावून ओळंब्याने उभी रेघ आखावी. तळाच्या खुणेवर नेम धरून काही गोळ्या झाडाव्या. मग दुर्बीण एक मीटर वर घेऊन, त्याच खुणेवर नेम धरून पुन्हा झाडाव्या. दोन घोळक्यांतील अंतर ९७ सेंटिमीटर भरले, तर दोष दुर्बिणीत आहे, गोळीत नव्हे.

यानंतर वेगमापकाने वेग मोजावा व त्या वेळचे तापमान टिपून ठेवावे. तापलेल्या काडतुसाची गोळी बहुधा अधिक वेगाने सुटते. हवेचेही तसेच. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांवर येतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसपर्यंत चढतो. तेवढ्याने हवा बारा-तेरा टक्के विरळ होते. हवामानवृत्तातील वायुदाब समुद्रसपाटीचा म्हणून काढलेला असतो. आपले गाव सुमारे दोनशे मीटर उंचीवर असल्याने येथील खरा दाब वीसेक मिलिबारने कमी असतो. ॲपमध्ये कोणता दाब भरतो आहोत, हे पाहून घ्यावे.

एवढे झाल्यावरच गोळी व गणित समोरासमोर आणावीत. पाच-सहाशे मीटरवर थोडा फरक राहिला, तर वेगाचा आकडा मापकाची चूक जेवढी असू शकते तेवढाच हलवावा. त्याहून दूर, जेथे गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरू लागतो, तेथील फरकासाठी हवा कापण्याची क्षमता दाखवणारा अंक, म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट, बदलावा. दोन्ही एकदम बदलू नयेत. आणि ज्या पल्ल्यावर दुरुस्ती केली त्याच पल्ल्यावर परीक्षा घेऊ नये. विद्यार्थ्याला सोडवून दाखवलेलेच उदाहरण परीक्षेत घातले, तर त्याला काय येते ते कसे कळणार?

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, "त्या जुन्या चांदमारीवर अंतर कोणी मोजले होते?" तो गप्प बसला. सुट्टी संपवून परत गेल्यावर त्याने ते मोजले. जुने दगड यार्डांत रोवलेले होते! तीनशे यार्ड म्हणजे २७४ मीटर. चार बोटांचा हिशेब लागला. वेग ८०० च बरोबर होता.

त्याने सगळे आकडे पुसून नव्याने भरले. डिसेंबरात त्याचा निरोप आला: पूर्वी कधी न तपासलेल्या ५०० मीटरवर घोळक्याचा मध्य गणितापासून दोन बोटांच्या आत पडला. "आता वहीत आधी कारण लिहितो, मग आकडा बदलतो," असेही त्याने कळवले. त्याच्या कामात चुकलेली गोळी कागदावरच लागेल असे नाही. ती कोणाच्या तरी जिवाशी गाठ असते. म्हणून उत्तर जुळल्याच्या आनंदापेक्षा ते का जुळले हे जाणण्याची सवय मोठी. ती त्याला लागली, याचे मला, जुन्या गणित-मास्तराला, मोठे समाधान वाटते.