केसांच्या मुळाशी (भाग ७) : विरळ केसांवर वेणी घालताना

गेल्या भागात केसाची वाढ, विश्रांती आणि गळती हे चक्र आपण पाहिलं. या भागात त्याच चक्राच्या अंगाने एका केशरचनेकडे बघू. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि खुद्द आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालत आल्या आहेत. काही वेण्या सुट्या लोंबतात, त्या बॉक्स ब्रेड्स. काही आपल्या सागरवेणीसारख्या डोक्याला चिकटून ओळीने मागे जातात, त्या कॉर्नरोज. बहुतेक वेळा त्यांत कानेकलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं गंगावन गुंफलेलं असतं. या वेण्या सहा ते आठ आठवडे तशाच ठेवतात आणि त्यांच्याकडे केस जपण्याचा उपाय म्हणून पाहिलं जातं. केस विरळ होऊ लागले, कानशिलांजवळ किंवा टाळूवर त्वचा दिसू लागली, की बाई साहजिकच पुन्हा वेण्यांकडेच वळते. विरळ जागा झाकली जाते आणि उरलेले केसही सुरक्षित राहतील असं वाटतं.

यातलं किती खरं आहे? अर्धं नक्कीच खरं आहे. आफ्रिकी वंशाच्या केसाचा आडवा छेद चपटा, लंबवर्तुळाकार असतो आणि त्याचं मूळही त्वचेखाली वाकलेलं असतं. केस स्प्रिंगसारखा वळत वाढत असल्यामुळे त्वचेतलं तेल टोकापर्यंत उतरत नाही. प्रत्येक वळणावर तो कमजोर असतो आणि कंगवा फिरला की तिथेच तुटतो. असे केस दोन महिने वेणीत बांधून ठेवले, तर रोजचं विंचरणं, गुंता सोडवणं, गरम इस्त्री हे सगळं टळतं. लांबी टिकते. हा फायदा खरा आहे, पण तो केसाच्या बाहेर दिसणाऱ्या भागाचा आहे. मुळाचा हिशेब वेगळा.

मुळावर सतत ओढ राहिली, तर भोवतीची त्वचा सुजते, केस अकाली विश्रांतीच्या टप्प्यात जातो आणि गळतो. ओढ थांबली तर तो पुन्हा उगवतो. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाही. वैद्यकात याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. हा विकार एका वंशापुरता नाही. 1907 साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते केस डोक्यावर घट्ट बांधणाऱ्या ग्रीनलंडमधल्या स्त्रियांचं. केस घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांतही तो नोंदला गेला आहे. घट्ट वेणी घातली की केस वाढतात, असं आपल्याकडे आया-आज्या सांगत आल्या आहेत. त्या समजुतीलाही शास्त्राचा आधार नाही. केस वाढतो तो मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, आणि ओढल्याने तो वेग वाढत नाही.

केप टाऊन विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्हला खुमालो यांनी दक्षिण आफ्रिकेत केलेल्या पाहणीत कृष्णवर्णीय शाळकरी मुलींपैकी 17 टक्के आणि प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ 32 टक्के जणींत ट्रॅक्शन अलोपेशिया आढळला. रसायनाने सरळ केलेल्या केसांवर वेण्या घातल्या की धोका आणखी वाढतो, हेही त्यांच्या कामातून दिसलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. क्रिस्टल अगुह यांनी 2016 मध्ये केशरचनांची धोक्यानुसार वर्गवारी मांडली. त्यात मोकळे, नैसर्गिक केस कमी धोक्याच्या गटात होते, तर वेण्या आणि गंगावन जास्त धोक्याच्या. केस जपण्यासाठी घातली जाणारी रचनाच या गटात बसते, ही गोष्ट विरळ केसांच्या बाईला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी.

नुकसान आधी दिसतं ते कपाळाच्या कडेला आणि कानांच्या वर, कारण तिथले केस मुळातच बारीक असतात. केसांची कड मागे सरकते, पण अगदी पुढे, जुन्या कडेवर, लव असावी तशी बारीक केसांची एक रांग शिल्लक राहते. ते केस इतके आखूड असतात की वेणीत सापडत नाहीत, म्हणून वाचतात. त्यांच्या मागे केस नसलेला पट्टा आणि त्याच्या मागे वेण्या. ट्रॅक्शन ओळखायला डॉक्टरांना ही रांग फार उपयोगी पडते. याहूनही आधीची खूण वेण्या घातल्या त्याच दिवशी आरशात दिसते. प्रत्येक वेणीच्या बुडाशी त्वचा तंबूसारखी वर ओढली गेलेली असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत तिथे बारीक पुळ्या येतात, उशीवर डोकं टेकवत नाही, भुवया ताणल्यासारख्या वाटतात. ‘पहिले दोन दिवस दुखणारच’ असं सलूनमध्ये समजावलं जातं. मला हे वाक्य धोकादायक वाटतं. दुखतंय याचा अर्थ मूळ ओढलं जातंय. त्याच दिवशी परत जाऊन पुढच्या वेण्या सोडवून घ्याव्यात, मग त्यासाठी पाच-सहा तासांची बैठक आणि भरपूर पैसे खर्च झालेले असले तरी.

तरीही वेण्या घालायच्याच असतील, तर बराच फरक घालणारीच्या हातात असतो. जुन्या पद्धतीच्या बॉक्स ब्रेडमध्ये गंगावनाची बट दुमडून थेट मुळाशी गाठीने अडकवतात, त्यामुळे सगळा भार पहिल्या पेडापासून त्वचेवर येतो. नॉटलेस पद्धतीत सुरुवात स्वतःच्या केसांच्या तीन पेडांनी होते आणि खाली जाता जाता गंगावन थोडं थोडं मिसळलं जातं. मुळाशी वेणी चपटी आणि सैल बसते, मान वळवली तरी टोचत नाही. ती घालायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती महाग असते. विरळ केसांसाठी मात्र हा खर्च योग्य ठिकाणी जातो. पण नॉटलेस म्हणजे निर्धोक, असंही नाही. कंबरेपर्यंत लांब, जाड गंगावन चिमूटभर केसांना बांधलं, तर गाठ असो वा नसो, वजन तेवढंच. म्हणून भांगाने पाडलेला चौकोन मोठा हवा, वेणी मध्यम, लांबी खांद्यापर्यंत. कपाळाच्या कडेचे बारीक केस वेणीत घेऊच नयेत, ते मोकळे सोडावेत. वेण्या ओढून उंच अंबाडा बांधला, की सैल वेणीचा सगळा फायदा गेला. आणि दोन खेपांच्या मध्ये काही आठवडे केसांना खरोखर मोकळं ठेवावं.

हे सगळं ओढीमुळे झालेल्या विरळपणाबद्दल झालं. विरळपणाची कारणं मात्र अनेक आहेत आणि वेणी ती झाकून टाकते. टाळूच्या मध्यापासून सुरू होऊन गोलाकार पसरणारा, व्रण ठेवणारा एक विकार कृष्णवर्णीय स्त्रियांत विशेष आढळतो. सेंट्रल सेंट्रिफ्यूगल सिकॅट्रिशियल अलोपेशिया असं त्याचं लांबलचक नाव. 1968 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं खापर केस सरळ करणाऱ्या गरम कंगव्यावर फोडलं होतं. 2019 मध्ये त्याचा संबंध केसाची जडणघडण करणाऱ्या पीएडीआय-3 या जनुकातल्या बदलांशी आढळला. म्हणजे वर्षानुवर्षं स्वतःला दोष देणाऱ्या अनेक जणींचा दोष निदान पूर्णपणे त्यांचा नव्हता. इथे एकदा व्रण झाला की केस परत येत नाही, त्यामुळे टाळूवर खाज, जळजळ किंवा हात लावल्यावर दुखणं सुरू झालं की त्या जागेवर नवी वेणी न घालता त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणं महत्त्वाचं. बहुधा त्वचेचा छोटा तुकडा तपासावा लागतो.

चाई लागण्याचं कारण पुन्हा वेगळं. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य आयाना प्रेसली सेनेगलीज ट्विस्ट्स या पीळदार केशरचनेसाठी ओळखल्या जायच्या. 2019 च्या शरद ऋतूत केस नव्याने वळून घेताना आपल्या डोक्यावर चट्टे पडल्याचं त्यांना पहिल्यांदा कळलं. काही महिन्यांत सगळे केस गेले आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांनी कॅमेऱ्यासमोर विग उतरवून ते जाहीरपणे सांगितलं. स्वतःच्या डोक्याचा मागचा भाग आपल्याला दिसत नाही, वेण्या घालणारीला तो तासन्‌तास दिसत असतो. तिने काही सांगितलं तर ते गांभीर्याने घ्यावं, आणि तिनेही भीड न ठेवता सांगावं.

‘मग सोडून का देत नाहीत या वेण्या?’ असं बाहेरच्याने विचारणं सोपं आहे. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रेनी रॉजर्स ही कर्मचारी कॉर्नरोजवरच्या बंदीविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्सशी लढली आणि हरली. केसांची ठेवण आणि वंश यांचं नातं मान्य करून भेदभावाला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला, इतर काही राज्यं नंतर आली. ज्या वेण्यांसाठी नोकऱ्या पणाला लागल्या, त्या डॉक्टरने एका वाक्यात बंद करायला सांगितल्या तर बाई दवाखान्यात परत येत नाही. अमेरिकी लष्कराने 2021 मध्ये स्त्रियांना सैल पोनीटेल आणि लांब वेणीची मुभा दिली, तेव्हा घट्ट अंबाड्याने केस जातात हेही एक कारण पुढे केलं होतं. नियम बदलला तर मुळांवरची ओढ कमी होऊ शकते, हे त्यातून दिसतं.

आता वेण्या सोडवण्याच्या दिवसाबद्दल. हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि काळजाचा ठोका चुकतो. रोज साधारण 50 ते 100 केस सगळ्यांचेच गळतात. वेणीत ते अडकून राहतात, म्हणजे आठ आठवड्यांत 2,800 ते 5,600. पुंजक्यातले काही केस उजेडात धरून पाहावेत. एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो आपलं चक्र पूर्ण करून गळलेला केस आहे. ठिपका नसलेले आखूड तुकडे जास्त असतील तर केस तुटताहेत, त्यांना ओलावा आणि सैल हात हवा. आणि डोक्यावर गुळगुळीत, चकचकीत, मुळाची छिद्रंच न दिसणारी जागा सापडली, तर त्या दिवशी नव्या वेण्यांची वेळ ठरलेली असली तरी ती रद्द करावी. जागेचा फोटो काढून तारीख लिहून ठेवावी आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जावं.

(पुढील भागात : चाई आणि तिच्यावरची नवी औषधं)